तेल सोडले, पण स्निग्धता सुटली का?

म्हसळ्याकडून दिवेआगरच्या समुद्राकडे जाणारा प्रवासी वाटेत बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेतून जातो. श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या खरेदीचे ठिकाण. दुकानांच्या रांगा संपल्या की नारळी-पोफळीच्या बागा सुरू होतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील बागांची मोठी हानी केली. तरीही नारळावाचून येथील स्वयंपाकघराची कल्पना करता येत नाही. बाहेरगावी ज्याचा हिशेब नगावर होतो, ते फळ येथे परसातून घरात येते. सहज मिळणाऱ्या वस्तूचे मोजमाप मनुष्य सहसा ठेवत नाही. प्रस्तुत विषयाचे मूळ या सवयीत आहे.

अलीकडे अनेक जैन कुटुंबांत दुग्धत्यागाचा विचार रुजू लागला आहे. पशुपालनातील हिंसेची जाणीव झाल्यावर दूध, दही आणि तूप यांचा त्याग करणारे तरुण घरोघरी दिसतात. त्यांपैकी काही जण एक पाऊल पुढे टाकून अग्निसंस्कार न केलेला, म्हणजे कच्चा वनस्पतिजन्य आहार स्वीकारतात. हेतू शुद्ध असतो. त्यामागे करुणा असते आणि देहशुद्धीची इच्छाही असते. परंतु शुद्ध हेतूने उघडलेल्या दुकानातही जमाखर्च चुकला तर तोटा होतोच.

उदाहरणादाखल एका कुटुंबाची कल्पना करू. बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान आहे. घरातील वडीलधारे गृहस्थ साठीला आलेले असून दिवसातील नऊ-दहा तास गादीवर बसून असतात. रक्तातील चरबी वाढल्याचे तपासणीत दिसल्यावर धाकट्या सूनबाईंनी पुढाकार घेतला आणि चूल न पेटवता तयार होणारे जेवण सुरू केले. पहिल्याच दिवशी त्या आनंदाने म्हणाल्या, “बापूजी, आजच्या ताटात तेलाचा एक थेंबही नाही.” ते खरेच होते. फोडणी नव्हती, तळण नव्हते, तूपही नव्हते. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा चरबीचा आकडा खाली येण्याऐवजी वर गेलेला आढळला. बापूजींना वाटले, तप निष्फळ झाले. सूनबाईंना वाटले, आपलेच काही चुकले. कुटुंब कल्पित असले तरी असे घडणे अशक्य नाही, आणि त्याचे कारण ताटातच सापडते.

त्या ताटाची खतावणी मांडून पाहावी. दिवसभरात अर्धा नारळ, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम ओले खोबरे. दुपारी लसूण न घातलेली सोलकढी, जिच्यात नारळाचे दाट दूध १०० मिलिलिटर. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी भिजवलेले शेंगदाणे, मूळ वजनाने ५० ग्रॅम. आणि यांच्या जोडीला केळी, पपई व काकडी. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे साधारण ३३ ते ४१ ग्रॅम स्निग्धांश असतो. नारळ जितका जून, तितका तो अधिक. कमीत कमी अंदाज धरला तरी खोबऱ्यातून ५०, दाट दुधातून २० आणि शेंगदाण्यांतून २३ ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो. बेरीज ९० ग्रॅमच्या पुढे जाते. स्वयंपाकाचे तेल चमच्याने मोजले तर हे सहा-सात मोठे चमचे तेल प्याल्यासारखे झाले. फरक एवढाच, की तेल बाटलीतून आले असते तर सूनबाईंनी तिसऱ्या चमच्यालाच हात आवरला असता.

स्निग्धांशाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्धांशाच्या एका ग्रॅमपासून ९. म्हणून ताटात फळे-भाज्यांचा ढीग मोठा आणि खोबऱ्याची वाटी लहान दिसली, तरी ऊर्जेच्या हिशेबात ती वाटी ढिगावर भारी पडते. वर सांगितलेल्या आहारात निम्मी ऊर्जा केवळ स्निग्धांशातून येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी एकूण ऊर्जेच्या ३० टक्क्यांहून अधिक भाग स्निग्धांशातून घेऊ नये आणि संपृक्त स्निग्धांश १० टक्क्यांच्या आत ठेवावा. दोन हजार उष्मांकांचा आहार असेल, तर या मर्यादा अनुक्रमे सुमारे ६६ आणि २२ ग्रॅम होतात. खोबऱ्यातील स्निग्धांशाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग संपृक्त असतो. म्हणजे बापूजींच्या ताटात संपृक्त स्निग्धांश मर्यादेच्या सुमारे तिप्पट होता. रक्तातील घातक मानली जाणारी चरबी वाढवण्यात आहारातील ज्या घटकाचा वाटा मोठा, तोच घटक आरोग्याच्या नावाखाली वाढला होता.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. कोकणातील मागील पिढ्या नारळ खातच होत्या. त्यांना तो बाधला नाही, मग आजच का बाधावा? प्रशांत महासागरातील पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरील लोकांचाही अभ्यास झाला आहे. तेथील आहारात नारळाचा वाटा फार मोठा होता. टोकेलाऊच्या रहिवाशांना निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून मिळत असे आणि त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा अधिक होते. परंतु हृदयविकार दोन्हीकडे विरळाच आढळला. या निष्कर्षाचा अर्थ लावताना बेटावरील जीवन विसरून चालत नाही. ते लोक समुद्रावर आणि शेतात शरीर झिजवणारे होते. साखर व गिरणीतील पिठाचे पदार्थ त्यांच्या खाण्यात फारसे नव्हते. कोकणातील पूर्वीच्या घरांतही खोबरे भात, नाचणीची भाकरी आणि भाजी यांच्या सोबतीला मूठभर येत असे. ते जेवणाची चव होते, जेवणाचा पाया नव्हते. शिवाय जेवणारा माणूस पाणंदीतून वाडीत आणि वाडीतून बाजारात पायी फिरणारा होता. गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने त्याचा नारळ घ्यावा आणि त्याचे श्रम सोडावेत, हा व्यवहार एकतर्फी आहे.

जैन घरात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, आणि त्याची कारणे आपल्याच आचारात आहेत. इतरत्र कच्चा आहार घेणारे लोक गाजर, बीट, मुळा, रताळे आणि मोड आलेली कडधान्ये यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. जैन आचारात कंदमुळे अनंतकाय म्हणून वर्ज्य आणि अंकुर फुटलेले धान्यही अनेक घरांत त्याच कारणाने वर्ज्य. मध तर महाविगयांपैकी एक. चातुर्मासात पालेभाज्या जातात आणि बहुतेक सुका मेवाही जातो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, त्यामुळे पोट भरण्यास वेळ थोडा. पावसाळ्यात आंबाही संपलेला असतो. मग भूक भागवणार कशाने? हाताशी उरतो नारळ, आणि थोडे शेंगदाणे. अशा प्रकारे एकेक पदार्थ योग्य कारणाने ताटातून उठत जातो आणि रिकामी जागा न बोलता खोबरे भरून काढते. दोष त्यागाचा नाही; त्यागानंतर काय उरले हे न पाहण्याचा आहे.

वस्तुतः स्निग्ध पदार्थांवरील संयम जैन परंपरेला नवा नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशन आणि ऊनोदरी यांच्यासह रसपरित्यागाची गणना आहे. श्वेतांबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि कढाविगय म्हणजे तळलेले पदार्थ, अशा सहा विगयांपैकी एक किंवा अधिक सोडण्याचे पच्चक्खाण घेतले जाते. दिगंबर परंपरेतही दूध, दही, तूप, तेल यांसारखे रस सोडण्याचा नियम आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारे श्रावक-श्राविका तेल-तुपाचा अंशही नसलेले अन्न दिवसातून एकदाच घेतात. स्निग्धता मोजण्याची दृष्टी या समाजाला परंपरेनेच दिली आहे. मात्र विगयांच्या सूचीत नारळाचे नाव नाही, कारण ती सूची ज्या आहाराला डोळ्यांपुढे ठेवून झाली, त्यात नारळाने पोट भरले जात नव्हते. म्हणून विगयत्यागाचे समाधान आणि रक्ताची तपासणी यांचा मेळ बसत नाही. सूचीमागील आशय असा, की इंद्रियांना आणि देहाला जड करणारे द्रव्य मर्यादेत असावे. हा आशय खोबऱ्यालाही लागू पडतो.

आणखी एक समज दूर होणे इष्ट आहे. कच्चे म्हणजे अधिक धार्मिक, असे काहींना वाटते. परंपरा तसे म्हणत नाही. साधू-साध्वी अचित्त आहार आणि उकळलेले पाणी घेतात. श्रावकाच्या अकरा प्रतिमांमध्ये पाचवी प्रतिमा सचित्तत्यागाची आहे. आयंबिलाचे अन्नही शिजवलेलेच असते. कच्चा आहार हा आरोग्याचा एक आधुनिक प्रयोग आहे आणि त्याची पारख आरोग्याच्याच कसोटीवर व्हावी. त्याला व्रताचे तेज दिले की त्यातील चूक दाखवणेही अवघड होऊन बसते, आणि घरातील वडील मंडळी अशक्तपणा सोसूनही गप्प राहतात.

या प्रयोगाचा एक महत्त्वाचा साक्षीदार आपल्या परिचयाचा आहे. १९२९ मध्ये महात्मा गांधींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला आणि त्याचा तपशील ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात प्रसिद्ध केला. त्यात मोड आलेले गहू आठ तोळे, वाटलेले बदाम आठ तोळे, वाटलेला हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध अशी नोंद होती. गव्हाऐवजी मोड आलेले हरभरे घेतले, तर बदामांच्या जागी नारळाचे दूध असे. आठ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. तेवढ्या बदामांत ४५ ग्रॅमहून अधिक स्निग्धांश असतो. म्हणजे त्या मोजक्या आहारातही ऊर्जेचा मोठा भाग स्निग्धांशातूनच येत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमांशाने गांधीजींना प्रयोग थांबवावा लागला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. या प्रसंगातून घेण्याजोग्या गोष्टी दोन आहेत. त्यांनी प्रत्येक पदार्थ तोलून लिहून ठेवला, आणि शरीराने नकार देताच अपयश लपवले नाही.

स्निग्धता इतकी त्रासदायक असेल तर ती पूर्णपणे सोडावी, असा विचार कोणाच्याही मनात येईल. तोही टोकाचा ठरेल. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या आधारानेच शोषली जातात. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की तेलाशिवाय खाल्लेल्या कोशिंबिरीतील कॅरोटिनॉइड द्रव्ये शरीरात जवळजवळ उतरतच नाहीत; थोडे तेल असले की ती उतरतात. काही स्निग्धाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांपैकी ओमेगा-३ वर्गातील अम्लाचे जवस आणि अक्रोड हे उत्तम स्रोत आहेत. खोबऱ्यात ते जवळजवळ नसते. म्हणजे खोबऱ्याने स्निग्धांश भरपूर मिळतो, पण नेमका आवश्यक तो मिळत नाही. अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार प्रौढांच्या आहारात किमान १५ टक्के आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या आहारात किमान २० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून यावी. आयंबिलाची ओळी नऊ दिवसांची असते, तीनशे पासष्ट दिवसांची नसते, यातील विवेकही ध्यानात घ्यावा.

आता दुरुस्तीचा मार्ग. सूनबाईंच्या स्वयंपाकघरात तराजू आणि चमचा एवढी साधने पुरेशी आहेत. एका प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ओले खोबरे ३० ग्रॅम, म्हणजे खवलेल्या खोबऱ्याचे तीन-चार मोठे चमचे. शेंगदाणे २० ग्रॅम. आणि जवसाची पूड १० ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा. या तिघांतून सुमारे २४ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. फळे, पोहे आणि भाज्या यांतील थोडा अंश धरून बेरीज ३० ग्रॅमच्या आसपास राहते. सोलकढी हवी असेल तर दाट दुधाऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या पिळणीचे पातळ दूध घ्यावे आणि तेवढे खोबरे त्या दिवशीच्या वाट्यातून वजा करावे. शहाळ्याच्या पाण्यात स्निग्धांश नाममात्र असतो. त्यास हरकत नाही. तरुण स्त्रियांच्या ताटात शेंगदाण्यांची किंवा, चातुर्मास नसेल तेव्हा, तिळाची थोडी भर असावी.

खोबरे कमी केल्यावर भूक कशाने भागवावी, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर कोकणाने आधीच देऊन ठेवले आहे. कांदा वगळून केलेले दडपे पोहे हा चुलीवाचून होणारा पदार्थ आहे. पातळ पोहे नारळाच्या पाण्यात भिजवून त्यांत काकडी, टोमॅटो, लिंबू आणि मोजके खोबरे घातले, की पोट भरते. पोहे तयार होताना भातावर उष्णतेचा संस्कार झालेला असतो, म्हणून काटेकोर अर्थाने ते कच्चे नव्हेत. परंतु देहाला उपयोगी पडणारी तडजोड कमीपणाची नसते. केळी, चिकू आणि पपई यांचे प्रमाण वाढवता येते; मात्र मधुमेह असणाऱ्यांनी हे वैद्यकीय सल्ल्यानेच करावे. राजमा आणि तत्सम कडधान्ये भिजवून कच्ची खाणे धोक्याचे आहे. त्यांतील विषारी अंश नीट शिजवल्यावरच नाहीसा होतो. याहून सोपा मार्ग म्हणजे दिवसाचे एक जेवण कच्चे आणि दुसरे शिजवलेले ठेवणे. नाचणीची भाकरी, वरण आणि अल्प तेलाची भाजी यांनी अहिंसेला उणेपणा येत नाही.

किनाऱ्यावरील दमट हवेत साठवणुकीचाही विचार हवा. जवसाची पूड लवकर खवट होते. ती आठवड्यापुरतीच करावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्य तर शीतकपाटात ठेवावी. शेंगदाण्यावर बुरशीचा डाग किंवा कुबट वास आढळल्यास तो माल टाकून द्यावा. बुरशीतील विष यकृताला घातक असते. ग्राहकाला आपण जो माल देणार नाही, तो घरच्या ताटातही नसावा.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. जर्मनीत कच्चा आहार घेणाऱ्या २०१ व्यक्तींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांच्या आहारात फळे-भाज्यांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांच्या रक्तातील घातक चरबी कमी आढळली. परंतु हितकारक मानली जाणारी चरबीही अनेकांत कमी होती, आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांत ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव होता. जैन घरात या जीवनसत्त्वाचा मुख्य आधार दूध असते. दूध सोडणाऱ्याने ब-१२ ची गोळी वैद्यांच्या सल्ल्याने नियमित घेणे अनिवार्य आहे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीच्या वयातील मुले आणि वृद्ध यांच्यावर संपूर्ण कच्च्या आहाराचा प्रयोग करू नये. चरबीवरील किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर ती परस्पर बंद करू नयेत.

आता पुन्हा त्या कल्पित कुटुंबाकडे. सूनबाईंनी दुकानातील जुन्या वहीचे एक कोरे पान घेतले आणि त्यावर खोबरे, शेंगदाणे व जवस असे तीन रकाने आखले. रोज रात्री दुकानाचा रोजमेळ बसला की बापूजी स्वतः हे रकाने भरतात. पुढील तीन महिन्यांनी येणारा तपासणीचा अहवाल हा त्यांचा ताळेबंद असेल. तो काय सांगेल हे आज कोणी ठरवू शकत नाही. पण एक बदल आताच झाला आहे. पूर्वी सून वाढत होती आणि सासरे संकोचाने खात होते; आता दोघे मिळून मोजतात. तप निष्फळ झाल्याची खंत बापूजींच्या मनातून गेली आहे, कारण त्यांना उमगले, की तपाला अर्थ येतो तो जागरूकतेने. एखादा पदार्थ ताटातून गेला एवढ्याने तो येत नाही.

संस्कृतात तेलाला आणि मायेला ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे. दोन्ही असावेत, पहिला मात्र मोजून असावा.